रिकाम्या वेशीतून कोणीही जाईल

समुद्र मला आवडला, हे मी माझ्या विहीणबाईंना अजून सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

मुलीच्या होणाऱ्या सासरी आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हाची गोष्ट. कोकणातलं लहानसं बंदराचं गाव. मुलगी पुण्यात नोकरी करते, मुलगाही तिथंच, दोघांनी आपलं आपण ठरवलेलं. दोन्ही घरं बौद्ध, दोन्हीकडे शिकलेली माणसं, त्यामुळे कुठं अडण्यासारखं काही नव्हतं. व्याही बंदरावर नोकरी करून निवृत्त झालेले. आम्ही पोचलो, चहा झाला, आणि त्यांनी लगेच डोक्यावर टोपी घालून आम्हाला गाव दाखवायला बाहेर काढलं.

आधी धक्का दाखवला. मग पाण्यातला किल्ला, मग टेकडीवरचं दीपगृह, मग माशांचा लिलाव, मग सुपारीच्या बागा. प्रत्येक ठिकाणी पर्यटन खात्याची निळी पाटी होती, पण व्याह्यांना पाटीची गरज नव्हती, त्यांना सगळं तोंडपाठ होतं. कोणतं जहाज कधी इथं लागलं, कुठल्या सिनेमाचं शूटिंग कुठल्या खडकावर झालं, वाळू किती स्वच्छ. माझे यजमान आयुष्यभर सरकारी बसवर कंडक्टर होते, त्यामुळे कोणाचंही बोलणं हसतमुखानं ऐकायची त्यांना सवय आहे. ते "वा, वा" करत पुढं चालत होते. मी मागून वाळू तुडवत होते आणि मनात म्हणत होते, गाव काय तुम्हालाच आहे?

शेवटी किनाऱ्यालगतच्या एका हॉलसमोर आम्हाला उभं केलं. लग्न इथंच करायचं, असं विहीणबाई म्हणाल्या. मागं समुद्र, पुढं स्टेज, फोटो छान येतील. मी म्हणाले, लग्न मुलीच्या दारात होतं, आमच्याकडं करू. तर त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या, "पण ताई, तुमच्याकडे बघण्यासारखं असं आहे काय?"

खोचक बोलल्या असत्या तर मला उत्तर सुचलं असतं. त्या खरंच विचारत होत्या. माझी मुलगी खाली बघत पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत होती. ती काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले.

"वेस आहे," मी म्हणाले.

"वेस म्हणजे?"

"गावात शिरायचा दगडी दरवाजा."

"अच्छा. एक दरवाजा," विहीणबाई म्हणाल्या, आणि मग विषय बदलायचा म्हणून कौतुकानं विचारलं, "तुम्ही कर्नाटकातल्या, तरी मराठी इतकं छान कसं हो?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पंचवीस वर्षं मराठी शाळेत शिकवते आहे. मी म्हणाले, "आमच्याकडं मराठी येते, कानडी येते, दखनी येते, औरादच्या बाजाराला गेलं तर तेलुगूही कळते. तुमच्याकडं किती येतात?" यजमानांनी माझ्या साडीचा पदर मागून हळूच ओढला. बसमध्ये भांडण लागलं की ते असंच करायचे म्हणे, फक्त तिथं पदराऐवजी शर्ट असायचा.

आता वेशीचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलेलं होतं.

बिदर जिल्ह्यात संतपूरच्या पुढं, आत गेलेल्या रस्त्यावर आमचं गाव आहे. सोयाबीन, तूर, ज्वारी, आणि दर आठवड्याला बाजार. गावाच्या तोंडाशी काळ्या दगडाची वेस, आमच्या बोलीत येस. दोन बाजूंना बसायचे कट्टे, वर कमानीत कोरलेली कमळं, त्यातलं एक अर्धं फुटलेलं. दाराची एकच फळी उरली आहे, तिच्यावर हाताच्या मुठीएवढे खिळे आहेत. बिदरचा किल्ला बांधून उरलेला दगड इथं लावला, असं गावातला प्रत्येक माणूस छाती काढून सांगतो. पुरावा विचारला की चिडतो. शेजारच्या गावाशी भांडण झालं तरी शेवट "तुमच्या गावाला येस हाय का?" इथं येतो. पंचायतीनं अलीकडं कानडीत एक पाटी लावली आहे. तिच्यावर लिहिलंय की ही वेस पुरातन आहे आणि तिनं येणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत केलं.

प्रत्येकाचं नाही. माझं लग्न झालं तेव्हा मी वीस वर्षांची होते, शिक्षिकेचं ट्रेनिंग नुकतंच संपलेलं. आमची वस्ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. बस थांबते तिथून वेशीतून, बाजारातून सरळ वस्तीवर रस्ता येतो. नवरदेवाची वरात त्या रस्त्यानं निघाली. वेशीच्या कट्ट्यावर गावचे पाटील आणि चार लोक बसलेले होते. कोणी दगड मारला नाही, कोणी शिवी दिली नाही. पाटील एवढंच म्हणाले, "मागनं घ्या की रे, उगं कशाला." माझे वडील त्यांच्याच मळ्यात सालगडी होते. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यांनीच पुढं होऊन वाजंत्र्यांना थांबवलं आणि वरात उकिरड्याच्या मागून, ओढ्याच्या काठानं वस्तीवर आणली. दुपारी त्याच वाटेनं मी सासरी गेले. माझ्या नव्या चपलेला चिखल लागला होता. तो मी सासरच्या दारात पोचेपर्यंत पुसला नाही.

पुढं माझी बदली माहेरच्याच गावी झाली, आम्ही इथंच घर बांधलं, तीन एकर रान घेतलं. आज मी रोज त्याच वेशीतून शाळेत जाते, आणि कट्ट्यावर बसलेले लोक मला नमस्कार करतात. कायदा आहे, पोरं शिकली आहेत, आता कोणी अडवत नाही. पण आमच्या वस्तीवरची लग्नं अजूनही मागच्याच वाटेनं येतात. कोणी सांगत नाही. सवय झाली आहे. माझ्या लेकीची वरात वेशीतून जाणार, भरल्या गावासमोर, हे मी ती पाळण्यात असताना ठरवलं होतं.

कोकणातून परत येताना हे सगळं मी तिला पुन्हा ऐकवलं. तिला ते आधीपासून माहीत होतं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई, ते तुझं भांडण आहे. माझ्या लग्नात आणू नको. मला लग्न करायचंय, मोर्चा काढायचा नाही."

"आणि गावाची लाज वाटते, तिचं काय?"

"लाज नाही वाटत. पण त्यांना गावी आणून दाखवणार काय? दरवाजा?"

हे मला लागलं. विहीणबाई परक्या होत्या, त्यांना माहीत नव्हतं. ही इथं जन्मली होती. यजमानांनी दोघींचं ऐकून घेतलं आणि तोडगा काढला. पाहुण्यांना एकदा गावी बोलवू. त्यांनी बघावं, हिनंही पुन्हा एकदा बघावं. मग मुलगी जे म्हणेल ते शेवटचं. ती समुद्र म्हणाली तर मी पुन्हा वेशीचं नाव काढायचं नाही. मी हो म्हणाले. शब्द दिला की माझा तो शब्द असतो, आणि याची मला त्या क्षणी भीती वाटली.

आणि मग माझ्या हातून चूक झाली.

व्याह्यांचा फोन आला. रजा, सुट्ट्या, मुलाची मीटिंग, सगळं बघून त्यांनी पौष महिन्याच्या सुमाराचा एक दिवस सुचवला. मग जरा चाचरत म्हणाले, "त्या दिवशी अमावास्या आहे, चालेल ना तुम्हाला?" मी ताठ आवाजात म्हणाले, "आम्ही असलं काही मानत नाही. खुशाल या." फोन ठेवला आणि स्वतःवरच खूश झाले.

संध्याकाळी यजमानांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. "अगं, येळवस हाय की त्या दिवशी."

मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही. आमच्या भागाबाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. वेळा अमावास्या म्हणजे आमच्याकडं येळवस. त्या दिवशी सगळा गाव रानात असतो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, तिच्यात लक्ष्मी म्हणून पाच दगड मांडून पुजतात, ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली आंबील मडक्यातून नेतात, आणि रानातनं जो कोणी जाईल त्याला धरून आणून जेवू घालतात. आम्ही दगड पुजायचं सोडलंय, कोप आणि जेवण सोडलेलं नाही. पण गावात? गावात त्या दिवशी कुत्रंही नसतं. दुकानं बंद, हॉटेल बंद, घरोघरी कुलपं. आणि मी माझ्या गावाची शान दाखवायला नेमकी तीच तारीख पक्की केली होती.

मुलगी फोनवर म्हणाली, "पुढं ढकल." मी ऐकलं नाही. ज्या बाईनं इतक्या तोऱ्यात खुशाल या म्हटलं, तिनं आता अमावास्या आडवी आली म्हणून कळवायचं? ते मला जमलं नसतं.

ते सकाळी दहाच्या सुमाराला आले. मुलाची गाडी, त्यात व्याही, विहीणबाई आणि माझी मुलगी. यजमान मडकी आणि डबे घेऊन आधीच रानात गेलेले. मी बसथांब्यावर एकटी उभी. गाडीतून उतरून विहीणबाईंनी रस्त्याकडं बघितलं. मोकळा रस्ता, बंद शटर, एका ओट्यावर एक कोंबडी.

"गावात काही झालंय का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"सण आहे," मी म्हणाले.

मी त्यांना वेशीपाशी नेलं. व्याह्यांनी खरोखर मन लावून बघितलं. कमळं मोजली, खिळ्यांवरून हात फिरवला, पाटी वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली. स्वागताची ओळ वाचताना मी आवाज चढवला असावा, कारण मुलगी माझ्याकडं बघायला लागली. तेवढ्यात विहीणबाई पदर सावरून वेशीतून आत गेल्या, पलीकडं उभ्या राहिल्या, आणि हसून म्हणाल्या, "बघा ताई, आलो की आपण. कोणी अडवलं नाही. झालं ना आता समाधान?"

म्हणजे मुलीनं त्यांना सगळं सांगितलं होतं.

मला त्यांचं मन कळत होतं. त्यांना माझी समजूत घालायची होती. पण माझ्या डोक्यात तिडीक उठली. "विहीणबाई, रिकाम्या वेशीतून कोणीही जाईल. शेळ्याही जातात. बघायला माणसं पाहिजेत. ज्या माणसांनी मागनं घ्या म्हटलं, ती माणसं पाहिजेत."

"आई!" मुलगी म्हणाली.

"खोटं बोलले का?"

नवरदेव मुलगा बिचारा मोबाईलवर कमानीचे फोटो काढू लागला. मी म्हणाले, चला रानात, जेवण थंड होतंय. माझं सगळं गाव दाखवून पाच मिनिटांत संपलं होतं, आणि मुलीच्या तोंडावर ते स्पष्ट लिहिलेलं होतं.

आमचं रान गावापासून दीड किलोमीटर. आम्ही रानांमधल्या पांदीच्या वाटेला लागलो आणि पहिल्याच रानातून हाक आली, "ओ बाई, पाव्हणे घेऊन तसंच जायलाव व्हय?" हे मेंढरं राखणारं घर, आता मेंढरं नाहीत, चार एकर तूर आहे. त्यांच्या म्हातारीनं विहीणबाईंचा हातच धरला. "खाल्ल्याबिगर पुढं जायचं न्हाई." विहीणबाई म्हणाल्या, थोडंसंच. थोडंसं असं काही येळवशीला नसतं. पानात भज्जी आली. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. हरभरा, तूर, वाटाणा, शेंगदाणे, पालेभाज्या असं रानातलं हिरवं सगळं एकत्र शिजवून केलेली घट्ट भाजी. तिच्याबरोबर बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, शेंगाची पोळी, खीर. आंबिलीचा पहिला घोट घेताना विहीणबाईंनी डोळे मिटले. मग उघडले, आणि पेला पुन्हा पुढं केला.

दुसऱ्या रानात पुन्हा तेच. तिसऱ्या रानातल्या कोपीत एक मुसलमान ड्रायव्हर कुटुंबासकट जेवत होता, त्यानं दखनीत व्याह्यांची चौकशी केली, व्याह्यांनी मुंबईच्या हिंदीत उत्तर दिलं, दोघांना एकमेकांचं निम्मं कळलं. चौथ्या रानात माझे दोन जुने विद्यार्थी भेटले, ते पाहुण्यांसमोर माझ्या पाया पडले आणि मग मी त्यांना पाढ्यांसाठी कसं मारलं ते त्यांनीच रंगवून सांगितलं. विहीणबाई मनापासून हसल्या. व्याही मात्र गप्प होत चालले होते. एका बांधावर ते थांबले. समोर शाळूची ज्वारी, तिच्या पलीकडं हरभरा, मग पुन्हा ज्वारी, आणि रानारानांत माणसांची बारकी बारकी टोळकी.

"हे कुठपर्यंत आहे?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय तिथपर्यंत."

"आणि कोणाच्याही शेतात जाऊन जेवायचं?"

"आज जायचं. आज बोलवावंच लागतं, आणि जावंच लागतं."

"आमच्याकडे असं काही नाही," ते म्हणाले. टोपी काढून त्यांनी घाम पुसला. मला आनंद झाला, तो मी लपवला नाही.

पुढं दोन वाटा फुटतात. सरळ वाट पाटलांच्या मळ्यातून जाते. मी गेली कित्येक वर्षं उजवीकडच्या बांधानं वळसा घालून जाते. ही माझी सवय घरात कोणी बोलून दाखवत नाही. पण व्याही पुढं होते आणि त्यांना काय माहीत. ते सरळ गेले. मी हाक मारेपर्यंत मळ्यातून आवाज आला, "या, या पाव्हणं, बसा." मी पोचले तोवर व्याही, विहीणबाई, मुलगा तिघंही कोपीपुढं सतरंजीवर बसले होते, आणि पाटलांची सून पत्रावळ्या मांडत होती.

पाटील आता ऐंशीच्या पुढचे. काठी मांडीवर, डोळ्यांना जाड चष्मा. ते म्हणाले, "कोन, मास्तरनी का? बस की. उभी कामून?"

मी उभीच राहिले. लहानपणी येळवशीला आम्ही याच मळ्यात यायचो. पूजेचं आवरलं, घरची जेवली, की वडील बांधावर धोतराचा सोगा पसरून उभे राहायचे, आणि वरून भाकरी पडायची. भज्जी द्रोणात. कोपीच्या जवळ जायचं नाही, आणि हे कोणी शिकवावं लागायचं नाही. खोटं कशाला सांगू, ती भज्जी चवीला आमच्यापेक्षा चांगली असायची, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

"जेवते," मी म्हणाले. "पण हितं न्हाई. कोपीत बसून जेवणार."

सून थबकली. पाटील म्हणाले, "बस की. कोन नको म्हनतंय?"

मी वाकून कोपीत शिरले. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडलेले, त्यांच्यापुढं दिवा. मी हात जोडले नाहीत. दगडांना पाठ होणार नाही अशी बसले, एवढंच. सुनेनं पत्रावळ आत आणून ठेवली. आणि मग तीस वर्षं तोंडात धरलेलं मी बाहेर काढलं. कोपीच्या दारातून मला म्हातारा दिसत होता.

"पाटील, माझ्या लग्नाची वरात तुम्ही येशीतनं येऊ दिली न्हाई. मागनं घ्या म्हनलाव."

विहीणबाईंचा घास हातातच राहिला. पाटलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी? कवा?" त्यांनी बराच वेळ आठवून बघितलं. सोंग नव्हतं ते. "माझ्या ध्यानात न्हाई बाई."

त्यांच्या ध्यानात नव्हतं! मी रात्रंदिवस जे जपलं, ते या माणसानं पान थुंकावं तसं टाकून दिलं होतं. त्यांनी कबूल केलं असतं, भांडले असते, तरी मला इतकं वाईट वाटलं नसतं.

"माझ्या ध्यानात हाय," मी म्हणाले. "माझ्या बापाच्या मरेपर्यंत ध्यानात व्हतं. तेवढं पुरे."

मग म्हातारा हळूच म्हणाला, "तसं व्हतं त्या वक्ताला. म्हनलो आसंन."

मी जेवले. पत्रावळीतलं सगळं जेवले, आंबील मागून घेतली. वाढणाऱ्या सुनेला माझे वडील त्या बांधावर सोगा पसरून उभे राहायचे, तेही सांगितलं. मुलगी इतका वेळ बाहेर उभी होती. ती आत आली, माझ्याशेजारी जागा नसताना दाटून बसली, आणि माझ्याच पत्रावळीतला उंडा मोडून खाऊ लागली. आजोबा बांधावर उभे राहायचे हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तेही तिला तेव्हाच, मी सुनेला सांगत असताना कळलं.

आमच्या रानात पोचलो तेव्हा यजमान वाट बघून कंटाळले होते. आमची भज्जी खायला कोणाच्या पोटात जागा नव्हती. तरी व्याह्यांनी खाल्ली. खाऊन झाल्यावर ते बायकोकडं बघून म्हणाले, "मग? काय ठरवायचं?" विहीणबाई मुलीला म्हणाल्या, "तूच सांग बाई. लग्न तुझं आहे."

सकाळपासून ती त्यांच्याशी पुण्याचं बोलत होती, प्रत्येक शब्द धुऊन पुसून. आता म्हणाली, "हितंच करायचं." मग माझ्याकडं वळली. "पण भाषण न्हाई, घोषणा न्हाई. बँड वाजंल, आन आपन येशीतनं जाऊ. तू कोनाला काई बोलायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. यजमान मडकं धुवायच्या निमित्तानं विहिरीकडं गेले.

लग्न उन्हाळ्यात झालं. व्याह्यांची माणसं दोन बस भरून आली. बाजाराचा दिवस मी मुद्दाम निवडला होता, ते मात्र कोणाला सांगितलं नाही. वस्तीवर मंगल परिणय झाला, जेवणं झाली, आणि दुपार कलताना वाजत गाजत वरात निघाली. नवरानवरी पुढं, बँड त्यांच्याही पुढं, मी सगळ्यात मागं बायकांमध्ये. मुलगी सासरी जायची, म्हणजे माझी जागा मागंच होती. बाजारात खच्चून माणसं. लोक भाजीवरनं उठून बघत होते. वेशीच्या दोन्ही कट्ट्यांवर गर्दी होती आणि पाटील काठी टेकून बसलेले मला लांबूनच दिसले.

आणि बँड थांबला.

एकदम थांबला. वरात जागच्या जागी उभी राहिली. आमच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं, एकजण तर मागच्या वाटेकडं वळायलाही लागला. मी गर्दीत घुसले, दोन्ही हातांनी माणसं बाजूला करत. आज कोणी मागनं घ्या म्हणालं असतं, तर दिलेला शब्द मी पाळणार नव्हते.

पुढून निरोप पाठीमागं येत होता. "नवरी थांबलीय. नवरी आईला बोलवायलीय."

मी पोचले. वेशीच्या उंबऱ्यापाशी ती उभी होती, पांढऱ्या साडीत, शेजारी तिचा नवरा. कोणी अडवलेलं नव्हतं. पाटील कट्ट्यावरून उठून उभे राहिले होते. मानानं की काय चाललंय ते बघायला, मला माहीत नाही.

"काय झालं गं?" मी ओरडलेच.

"काई न्हाई झालं," ती म्हणाली. "बाबा कुठायत? त्यांना बोलवा. तुमची वरात राहिलीय, आई. आदी तुमची जाऊ दे. आमी मागनं येतो."

यजमान घाम पुसत आले. सगळा बाजार बघत होता. मी त्या गावात कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, नवऱ्याच्या बरोबरीनंही चालले नाही, चार पावलं मागंच. त्या दिवशी भर गावासमोर मी त्यांचा हात धरला. मुलीनं बँडवाल्यांना खूण केली, आणि आम्ही दोघं वेशीतून सरळ चालत गेलो.